थंड गाडीत पाइप टेकत नाही, म्हणजे फिटिंग बरोबर?

‘बाहेरून विकत घेतलेला हेडर (इंजिनातला धूर मागे नेणाऱ्या पाइपांचा संच) बसवल्यावर थंड गाडीत पाइप कुठे टेकला नाही की काम झालं’, हा समज जुना आहे. डोळ्यांना तसंच दिसतं, म्हणून पटतोही. पण पाइप तापला की लांबतो: एक मीटर स्टेनलेस स्टील ४०० अंशांनी तापलं तर सुमारे ७ मिलिमीटर. शिवाय इंजिन रबरी माउंटवर (आधारांवर) डोलतं, पाइपही सोबत हलतो.

इंजिन बंद, थंड आणि गाडी चाकांवर उभी असताना पाइप आणि शेजारच्या भागामधल्या फटीत कणकेचा गोळा ठेवून इंजिन हाताने हलवा. दबलेली जाडी म्हणजे उरलेली फट. (कणीक काढूनच स्टार्टर मारा!) फट अपुरी वाटली तर पाइप ठोकून चपटा करण्याआधी सगळे जोड सैल करा आणि इंजिनाकडून मागे कसत या, बऱ्याचदा तेवढंच पुरतं.