को-ऑप शिक्षण

विद्यापीठातला अभ्यास आणि पगारी काम आळीपाळीने करून पदवी मिळवण्याची पद्धत. विद्यार्थी काही महिने वर्गात असतो, काही महिने कारखान्यात किंवा कचेरीत, आणि दोन्हींचा हिशेब पदवीत धरला जातो. शेवटच्या वर्षी आठवडाभर मुलाखतीची तयारी करून घेण्यापेक्षा ही गोष्ट मुळातच वेगळी आहे.

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 साली 27 विद्यार्थी घेऊन ती सुरू केली. अभियंत्याला लागणारे बरेचसे ज्ञान प्रत्यक्ष कामावरच मिळते, ते वर्गात आणता येत नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक वर्गात बसे, दुसरा कारखान्यात राबे, आणि आठवड्याने दोघे जागा बदलत. कारखान्यातली जागा कधी रिकामी पडत नसे, म्हणून मालकांनाही हे परवडले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने 1957 पासून ही पद्धत रुजवली; आता तिथे सत्रे चार-चार महिन्यांची असतात.

भारतात बिट्स पिलानीची 1973 पासूनची ‘प्रॅक्टिस स्कूल’ याच विचाराची. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि शेवटच्या वर्षी साधारण साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात जातात, आणि त्यांच्या कामावर संस्थेच्या अध्यापकांचे लक्ष असते. पुणे विद्यापीठाची ‘प्रॉडक्शन सँडविच’ ही अभियांत्रिकीची शाखाही याच कुळातली.

नोकरी देणारे ज्या कौशल्यांची मागणी करतात ती ऐकायला साधी असतात: कामाची पाळी संपताना पुढच्या माणसाला समजेल अशी नोंद लिहिणे, चूक झाली की लपवण्याआधी सांगणे, ड्रॉइंग कळले नाही तर जुन्या कामगाराला विचारणे. यांवर व्याख्यान देता येते, पण सवय लागते ती कामावरच. मात्र परतल्यावर वर्गात त्या अनुभवावर कोणी प्रश्न विचारले नाहीत, तर उरते ते निव्वळ प्रमाणपत्र.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 नंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत ‘ओजेटी’, म्हणजे कार्यप्रशिक्षण, आले. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) 30 तास धरले, तर चार श्रेयांकांचे 120 तास होतात. रोज आठ तासांप्रमाणे जेमतेम पंधरा दिवस. एवढ्यात कामाची ओळख होते, हात बसत नाही. शिवाय हे काम पुष्कळदा बिनपगारी असते, आणि गावाकडून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीला ते परवडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी कंपन्या नसल्या तरी दूध संघ, पतसंस्था, बाजार समिती आणि साखर कारखाने आहेत; महाविद्यालयांनी आधी त्यांची दारे ठोठावावीत.

तिथे वेळापत्रक जुळवावे लागते. उसाचा गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. मे महिन्यात रसायनशास्त्राचा विद्यार्थी कारखान्यात गेला, तर तपासायला रस नसतो. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मात्र तेव्हाच जावे, कारण बॉयलर आणि मिल दुरुस्तीसाठी खोललेले असतात.