अत्यवस्थ रुग्णाच्या नातेवाइकांना आधार

अतिदक्षता विभागात ठेवलेल्या रुग्णाच्या घरच्यांना वेळेवर व खरी माहिती देणे, उपचारांच्या निर्णयात त्यांना सोबत करणे आणि पैसा, मुक्काम, जेवण यांची वाट दाखवणे, असे नातेवाइकांना आधार देण्याच्या कामाचे स्वरूप आहे. यातली माहिती ही सर्वांत स्वस्त गोष्ट, आणि तिचीच टंचाई सर्वांत जास्त असते.

सांगली जिल्ह्यात हा प्रश्न ठळक दिसतो तो मिरजेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय इथे १८९४ मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. रेल्वे जंक्शनचीही भर पडली. त्यामुळे जत, आटपाडीपासून कर्नाटक सीमेपलीकडच्या अथणी, चिकोडीपर्यंतचे रुग्ण इथे येतात. सोबतचे नातेवाईक घरापासून लांब असतात. काहींना कन्नडच नीट कळते, आणि तेव्हा दोन्ही भाषा बोलणारी नर्स किंवा वॉर्डबॉय हाच दुभाषा ठरतो.

अमेरिकेत नॅन्सी मोल्टर या परिचारिकेने १९७९ मध्ये अशा नातेवाइकांना पंचेचाळीस गरजांची यादी दाखवून कशाची किती निकड वाटते ते विचारले. सर्वांत वर आली ती आशेची गरज. प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे मिळावीत, हीही वरच्या गरजांत होती. फ्रान्समधील बावीस अतिदक्षता विभागांत झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी बोलका आहे. मरणासन्न रुग्णांच्या काही कुटुंबांना डॉक्टरांनी ठरवून अधिक वेळ दिला आणि माहितीपत्रकही दिले. बैठक साधारण तीस मिनिटांची झाली, इतरांची वीस मिनिटांची. मुख्य फरक वेगळाच होता: या बैठकांत नातेवाईक साधारण चौदा मिनिटे बोलले, इतर ठिकाणी पाच. नव्वद दिवसांनंतर या कुटुंबांत आघातोत्तर तणावाची लक्षणे कमी आढळली. म्हणजे डॉक्टरांनी सांगण्याइतकेच ऐकून घेणेही कामाचे.

आपल्याकडे आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांची उणीव नसते. भावकी येते, पाहुणे येतात, डबे येतात, रक्त द्यायला गावची पोरे गाडी भरून येतात. हा आधार मोठाच आहे. मात्र माहितीच्या बाबतीत तोच आड येतो. ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की शिकलेला पुतण्या किंवा जावई पुढे होतो. फॉर्मवर सही त्याची, डॉक्टरांशी बोलणे त्याचे. बाकड्याच्या टोकाला बसलेल्या बायकोला ‘काळजी करू नका, औषध चालू आहे’ एवढेच कळते. ‘आईला सांगू नका’ हे प्रेमापोटी होते, पण तिला खरी परिस्थिती अखेरच्या दिवशी एकदम कळते. डॉक्टरांशी बोलायला एक माणूस नेमणे सोयीचे आहे; तो माणूस कोण हे ठरवताना रुग्णाशी सर्वांत जवळच्या व्यक्तीला वगळू नये. रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच डॉक्टरांनी, बसून बोलावे आणि ‘तुम्हाला काय समजले ते सांगा’ असे विचारावे.

पहिल्यांदा आत सोडण्यापूर्वी दोन मिनिटे तयारी करून घेणे अनेकदा राहून जाते. चेहरा सुजलेला असेल, तोंडात नळी असल्याने बोलता येणार नाही, नळी ओढू नये म्हणून हात बांधले असतील, यंत्र वाजले म्हणजे दरवेळी जिवावरचा प्रसंग असतो असे नाही: एवढे आधी सांगितले तर दारातून परत फिरणारे काही लोक पलंगाशी उभे राहतात. हात धरू का, असे बरेच जण विचारतात. नर्सने हो म्हटले तर धरावा.

पैशाची धावपळ दाराबाहेरच सुरू होते. ऊसबिल कधी जमा होणार, पतसंस्थेत सोने ठेवायचे की भावाकडून उसने घ्यायचे, यावर जिन्यात चर्चा चालते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी मात्र अनामत भरून झाल्यावर होते. रुग्णालय योजनेत आहे का आणि हा आजार बसतो का, हे दाखल करतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, विचारावे. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत असावे. धर्मादाय नोंदणीच्या रुग्णालयांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ नुसार दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा व्यवस्थापनाला भेटावे.

व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न आला की कुटुंब दुभंगते. पैसा संपला म्हणून घरी नेले की डॉक्टरांनी सांगितले म्हणून, हा सल वर्षानुवर्षे राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये जीवरक्षक उपचार थांबवण्याची प्रक्रिया सोपी केली. त्यात डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात, त्यामुळे निर्णयाचा सगळा भार एकट्या मुलावर राहत नाही.

रुग्ण वाचला तरी घरच्यांची झोप उडालेलीच राहू शकते. चिंता, खिन्नता, दचकून उठणे यांचे वर्णन वैद्यकीय लेखनात २०१२ पासून स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून होते. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. घरी सोडताना नाकातल्या नळीतून पातळ अन्न कसे द्यायचे, कूस दर दोन तासांनी कशी बदलायची, हे नर्सने एकदा दाखवून नातेवाइकाकडून स्वतःसमोर करून घ्यावे.