नळीची कौले आणि मंगलोरी कौले: जुन्या छपराची दुरुस्ती करताना

जुन्या वाड्याच्या किंवा कोकणातल्या चौसोपी घराच्या अंदाजपत्रकात बऱ्याचदा नुसतेच ‘कौलारू छप्पर दुरुस्ती’ असे लिहिलेले असते. कौल नळीचे की मंगलोरी, याचा उल्लेखच नसतो. दोन्ही भाजक्या मातीची, दोन्ही लाल, खालून पाहिले तर सारखीच वाटतात. पण दोन्हींची पाणी अडवण्याची रीत वेगळी आहे, म्हणून दुरुस्तीही वेगळी करावी लागते.

नळीचे कौल कुंभार चाकावर घडवतो. एका बाजूला निमुळती होत जाणारी नळी ओढायची आणि ती उभी दुभागायची. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या दोन्ही कडांवर बसणारी दुसरी ओळ पालथी. उताण्या कौलाचे रुंद तोंड आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे; पालथ्याचे वळचणीकडे, म्हणजे खालच्या कडेकडे. कौलाला ना खाच, ना अडकायला आकडा. ते टिकते स्वतःच्या वजनावर आणि घासणीवर. त्यामुळे पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, फार खडे असेल तर कौले घसरतात, फार सपाट असेल तर पाणी मागे सरकते. मांजर, माकड, उंदीर, वारा यांनी वर्षभरात कौले थोडी थोडी हलतातच. उताण्या ओळीत आंब्या-फणसाचा पाला साचला की तिथे बांध पडतो आणि पाणी कडेवरून आत उतरते. कौल शाबूत असूनही घर गळते ते यामुळेच.

म्हणूनच हे छप्पर दरवर्षी मृगाच्या आधी शाकारावे लागते. एका वेळी एकच पट्टा उघडायचा, वळचणीपासून आढ्यापर्यंत, साधारण दोन हात रुंद. कौले खाली देऊन झाडायची, बोटाच्या पेराने वाजवायची. खणखणीत वाजले तर ठेवायचे, भद्द आवाज आला तर आत तडा आहे, बाजूला काढायचे. उघड्या पट्ट्यात वासे आणि कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) टोचून पाहायच्या, कारण वाळवी दिसण्याची ही वर्षातली एकच संधी असते. परत मांडणी वळचणीपासून वर, प्रत्येक कौल खालच्यावर किमान 8 सेंटिमीटर चढवून. शाकारणीचा खर्च वाचवण्यासाठी एक-दोन वर्षे सोडून दिली, की कौलांपेक्षा कितीतरी महाग असलेले लाकूड जाते.

मंगलोरी कौल यंत्राच्या साच्यातले. मंगळुरात बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला आणि पुढे ही कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. कडेच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात, पोटाचे उंचवटे रिपेला, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्टीला, अडकतात. नेहमीच्या आकाराला, म्हणजे 41 बाय 23.5 सेंटिमीटरच्या कौलाला, रिपांमधले अंतर सुमारे 32 सेंटिमीटर लागते. चौरस मीटरला साधारण 15 कौले, एकेकाचे वजन 2 ते 3 किलो. हे छप्पर दरवर्षी उतरवायचे नसते; उलट उगाच हलवले तर खाचांच्या कडा मोडतात. एखादे फुटले तर वरच्या ओळीतली दोन कौले जरा उचलून धरायची, फुटके सरकवून काढायचे, नवे घालायचे. पाय कौलाच्या मध्यावर देऊ नये; फळी किंवा शिडी आडवी टाकून तिच्यावरून चालावे. हे छप्पर गळते ते बहुधा तीनच जागी: आढ्यावर, भिंतीला टेकते तिथे, आणि दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत. पन्हळीचा पत्रा दोन्ही बाजूंना कौलांखाली किमान 15 सेंटिमीटर गेलेला असावा.

खरे नुकसान होते ते अदलाबदलीत. नळीच्या छपराचे वासे वाकडे-तिकडे, रिपांचे अंतर हाताच्या अंदाजाने. पाख्याला जरा पोक आलेला असला तरी नळीची कौले तो सांभाळून घेतात. त्याच सांगाड्यावर ‘कायमचा उपाय’ म्हणून मंगलोरी चढवले तर खाचा जुळत नाहीत आणि वाऱ्याचा पाऊस सरळ आत येतो. बदलायचेच असेल तर रिपा उतरवून सूत धरून नव्याने ठोकाव्या लागतात, वासे समपातळीत आणावे लागतात. मग त्या वाड्याचे मूळ छप्पर उरले असे म्हणता येत नाही. नोंदणीकृत वारसा इमारतीत तर हा बदल परवानगीशिवाय करूच नये.

दोन्ही छपरांना सारखीच मारक गोष्ट म्हणजे सिमेंट. लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. आढ्यावर बारीक भेग पडते, त्यातून शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट नसते आणि आढे आतून कुजते. शिवाय पुढच्या दुरुस्तीला ती कौले फोडूनच काढावी लागतात. आढ्याची कौले चुन्यातच बसवावीत: मुरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुर्खी (विटांची भुकटी) मिळून तीन भाग, आणि आठवडाभर गोणपाट ओले ठेवून पाणी. गळती थांबवायला वरून निळे प्लास्टिक टाकले तर एका पावसाळ्यापुरतेच, आणि ते दिवाळीपूर्वी काढावे. खाली कोंडलेल्या दमटपणावर वाळवी पोसते.

जुनी मंगलोरी कौले बदलताना आणखी एक काळजी. कौलावरचा कारखान्याचा ठसा पाहून कौले वेगळी लावावीत, कारण दोन कारखान्यांच्या खाचा सहसा एकमेकींत बसत नाहीत. चांगली निघालेली जुनी कौले रस्त्याकडच्या पाख्यावर एकत्र करावीत आणि नवी मागच्या पाख्यावर घालावीत. शंभरेक सुटी कौले मागच्या पडवीत उभी रचून ठेवावीत, आडवी नाही. आडव्या ढिगात तळाची फुटतात.