वैयक्तिकृत जाहिरातींना नकार

आपण इंटरनेटवर काय शोधतो, काय वाचतो, काय विकत घेतो आणि फोन घेऊन कुठे जातो याच्या नोंदींवरून खास आपल्यासाठी निवडलेल्या जाहिराती बंद करण्याचा पर्याय. याला ऑप्ट-आउट असेही म्हणतात. हा नकार एकदा दिला की सगळीकडे लागू होतो असा पुष्कळांचा समज असतो, पण तसे होत नाही. फोन, लॅपटॉप, टॅबलेट, टीव्ही अशा प्रत्येक उपकरणावर, त्यातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि प्रत्येक कंपनीच्या खात्यात तो वेगवेगळा नोंदवावा लागतो. जाहिरातींची यंत्रणा मात्र ही सारी उपकरणे एकाच माणसाची आहेत हे हुडकून काढते आणि त्यांवरची माहिती एकत्र जोडते. या विषयातल्या बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

नकार दिल्यावर जाहिराती नाहीशा होत नाहीत. पानाचा विषय, भाषा, ढोबळ ठिकाण, दिवसाची वेळ यांवरून निवडलेल्या जाहिराती दिसतच राहतात. शिवाय जाहिरात वैयक्तिकृत न करणे वेगळे आणि माहिती गोळा न करणे वेगळे. पुष्कळ कंपन्यांचा पर्याय फक्त पहिल्या गोष्टीपुरता असतो. नोंदी ठेवणे चालूच राहते, जाहिरात निवडताना त्या वापरल्या जात नाहीत, एवढेच. म्हणून बटण बंद करण्याआधी त्याखालचा बारीक मजकूर वाचलेला बरा.

कुकी आणि ब्राउझर : कुकी ही ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटीशी नोंद. नेटस्केप कंपनीतील लू मोंतुली यांनी १९९४ मध्ये ती तयार केली. परत आलेला ग्राहक संकेतस्थळाला ओळखता यावा आणि त्याने निवडलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात, एवढाच तिचा हेतू होता. पण एकाच पानावर निरनिराळ्या सर्व्हरवरून चित्रे आणि मजकूर येऊ शकतो, आणि त्यातला प्रत्येक सर्व्हर आपली कुकी ठेवू शकतो. जाहिरात कंपन्यांनी हीच वाट धरली. हजारो संकेतस्थळांवर एकाच कंपनीची जाहिरात असली, की एकाच कुकीच्या आधारे त्या कंपनीला वाचकाचा सगळा प्रवास दिसतो. हीच तृतीय-पक्ष कुकी.

अमेरिकेतील जाहिरात कंपन्यांनी २००० मध्ये नेटवर्क अ‍ॅडव्हर्टायझिंग इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन केली आणि नकाराची सोय दिली. ही सोय कशी चालते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. वाचकाने ‘नको’ म्हटले की कंपनी त्याच्या ब्राउझरमध्ये आणखी एक कुकी ठेवते आणि तिच्यात ‘या व्यक्तीने नकार दिला आहे’ अशी खूण असते. म्हणजे नकारही कुकीच्याच आधाराने टिकतो. खासगीपणाची काळजी असलेला माणूस अधूनमधून सगळ्या कुकी पुसतो, आणि त्याच झटक्यात त्याचे सगळे नकारही पुसले जातात. दुसरा ब्राउझर उघडला तर तिथे ती खूण नसते. इन्कॉग्निटो म्हणजे नोंदी न ठेवणारी खिडकी रिकामीच सुरू होते, त्यामुळे तिच्यातही नसते. जो जास्त काळजी घेईल त्याचाच नकार लवकर मोडावा, ही रचना मुळातच अन्यायाची आहे. जाहिरातीच्या कोपऱ्यात दिसणारा छोटा निळा त्रिकोण डिजिटल अ‍ॅडव्हर्टायझिंग अलायन्स या जाहिरात व्यवसायाच्या संघटनेच्या २०१० मध्ये सुरू झालेल्या योजनेतला. त्यावरून पोहोचता येणारे नकाराचे पानही बराच काळ याच पद्धतीवर चालले.

‘माग काढू नका’ : यावर उपाय म्हणून २००९ मध्ये एक सोपी कल्पना पुढे आली. ब्राउझरने प्रत्येक विनंतीबरोबर ‘माझा माग काढू नका’ असा इशारा पाठवायचा. वेगळी कुकी नको, कंपनीगणिक अर्जही नको. ही ‘डू नॉट ट्रॅक’ पद्धत. फायरफॉक्स ब्राउझरने २०११ मध्ये तिची सोय दिली आणि त्याच वर्षी वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने नियम ठरवण्यासाठी गट नेमला. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हा इशारा आपोआप चालू ठेवण्याचे ठरवले, तेव्हा जाहिरात व्यवसायाने आक्षेप घेतला की ही वापरकर्त्याची स्वतःची निवड नाही, मग ती का पाळायची? इशारा पाळण्याची कायदेशीर सक्ती कुठेच नव्हती, त्यामुळे बहुतेकांनी तो पाळला नाही. जानेवारी २०१९ मध्ये तो गट बंद झाला. त्याच वर्षी अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने ही सोय काढून टाकली, कारण हा इशाराच ब्राउझर वेगळा ओळखायला उपयोगी पडू शकत होता.

याच कल्पनेचा पुढचा अवतार २०२० मध्ये ‘ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल’ या नावाने आला. इशारा तसाच, पण या वेळी त्यामागे कायदा आहे. कॅलिफोर्नियात ग्राहकाने माहितीची विक्री नाकारल्याचा वैध इशारा म्हणून तो पाळावा लागतो. तो न पाळल्याच्या आरोपावरून सेफोरा या सौंदर्यप्रसाधन कंपनीला २०२२ मध्ये १२ लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली. दहा वर्षे सद्भावनेवर सोडलेली गोष्ट अखेर दंडाच्या भीतीने हलली.

खुद्द ब्राउझरनी घेतलेली भूमिका एकसारखी नाही. सफारीने मार्च २०२० पासून तृतीय-पक्ष कुकी पूर्णपणे रोखल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या ज्ञात कुकी आपोआप रोखायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या ठेवल्या. क्रोम दोन वर्षांत त्या बंद करील अशी घोषणा गूगलने जानेवारी २०२० मध्ये केली, मुदत पुनःपुन्हा पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला. गूगलचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते, हे इथे विसरून चालणार नाही. क्रोम वापरणाऱ्याने या कुकी सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतःच रोखायच्या आहेत.

मोबाइल : अ‍ॅप एकमेकांच्या कुकी वाचू शकत नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठी फोनच्या प्रणालीनेच जाहिरात ओळख क्रमांक पुरवला, अ‍ॅपलने २०१२ मध्ये आणि गूगलने २०१३ मध्ये. पाच गटांत विभागलेली ही ३२ अंक-अक्षरांची ओळ फोनमधल्या सगळ्या अ‍ॅपना सारखीच दिसते, म्हणून हवामानाचे अ‍ॅप आणि एखादा खेळ यांच्याकडच्या नोंदी तिच्यावरून सहज जुळतात. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगलच्या जाहिरातविषयक पानावर हा क्रमांक रीसेट करता येतो किंवा काढून टाकता येतो. दोन्हींत मोठा फरक आहे. रीसेट केल्यावर नवा क्रमांक मिळतो आणि त्याच्याभोवती पुन्हा माहिती जमू लागते. काढून टाकल्यावर क्रमांक मागणाऱ्या अ‍ॅपला नुसती शून्यांची ओळ मिळते. ही सोय अँड्रॉइड १२ बरोबर २०२१ च्या अखेरीस येऊ लागली आणि पुढच्या वर्षी जुन्या फोनवरही पोहोचली. निवड करायची असेल तर क्रमांक काढूनच टाकावा.

अ‍ॅपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १४.५ प्रणालीपासून प्रश्नच उलटा केला. इतर कंपन्यांच्या अ‍ॅपमधून आणि संकेतस्थळांवरून माग काढायचा असेल तर अ‍ॅपने आधी परवानगी विचारायची. उत्तर ‘नाही’ असेल तर क्रमांक मिळत नाही. या एका बदलामुळे २०२२ मध्ये सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल असा अंदाज फेसबुकची मालक कंपनी मेटाने स्वतःच मांडला होता. प्रश्न सरळ विचारला की लोक काय उत्तर देतात, हे त्या आकड्यावरून समजते.

टीव्ही : स्मार्ट टीव्हीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी गफलत इथेच होते. अनेक टीव्हींमध्ये पडद्यावरची दृश्ये ओळखणारे तंत्रज्ञान असते. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे थोडे नमुने घेतो आणि मोठ्या संग्रहाशी ताडून कोणता कार्यक्रम चालू आहे ते ठरवतो. कार्यक्रम केबलवरून येवो, डीव्हीडीवरून येवो की बाहेरून जोडलेल्या पेटीतून, पडद्यावर आला की ओळखला जातो. अमेरिकेत ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने व्हिझिओ कंपनीवर केलेला दावा फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलरवर मिटला. त्यात १ कोटी १० लाख टीव्हींवरून अशी माहिती घेतल्याचे म्हटले होते. त्या टीव्हीत ही सोय ‘स्मार्ट इंटरअ‍ॅक्टिव्हिटी’ या नावाखाली होती आणि तिचे वर्णन कार्यक्रमविषयक ऑफर व सूचना देणारी असे केले होते. पडद्यावर नजर असते याचा तिथे उल्लेख नव्हता. आजही नावे अशीच गोड असतात. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’ आणि एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’ शोधावे लागते. ते बंद केल्यावर जाहिरात वैयक्तिकरणाचे बटण वेगळे बंद करावे लागते.

उपकरणे कशी जोडली जातात : खात्रीचा मार्ग लॉगिनचा. एकाच ईमेलने फोन, लॅपटॉप आणि टीव्हीवर प्रवेश केला की तिन्ही एकाच माणसाची ठरतात. दुकानदार कंपन्या आपल्याकडचे ईमेल पत्ते सांकेतिक रूपात बदलून जाहिरात कंपनीला देतात. एका पत्त्यापासून प्रत्येक वेळी तेच सांकेतिक रूप तयार होत असल्याने, पत्ता उघड न करताही जुळणी होते. दुसरा मार्ग अंदाजाचा : दोन उपकरणे रोज रात्री एकाच वाय-फायवर असतात, एकाच आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) सारखीच पाने उघडतात, तेव्हा ती एका घरातली मानली जातात. घरात एकाने शोधलेली वस्तू दुसऱ्याच्या पडद्यावर येते ती यामुळेच. मायक्रोफोन ऐकत असल्याच्या संशयाला अनेकदा हेच कारण असते. उपकरणांपलीकडच्या मागोव्याविषयी फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०१७ मध्ये अहवाल दिला. नकाराला ज्या मर्यादा असतील त्या कंपन्यांनी ठळकपणे सांगाव्यात, असे त्यात म्हटले आहे.

कायदा : युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याने २५ मे २०१८ पासून थेट विपणनासाठी होणाऱ्या माहितीवापराला हरकत घेण्याचा बिनशर्त हक्क दिला. कुकीसाठी तिथे आधी संमती लागते. संमतीचे बटण एक आणि नकारासाठी मात्र अनेक क्लिक, अशा मांडणीवरून फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ९ मध्ये १८ वर्षांखालील मुलांवर नजर ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे.

प्रत्यक्षात : सुरुवात खात्यांपासून करावी, कारण खात्यात दिलेला नकारच त्या खात्याने लॉगिन केलेल्या सर्व उपकरणांवर लागू होतो. गूगलच्या ‘माय अ‍ॅड सेंटर’मध्ये वैयक्तिकरण पूर्ण बंद करता येते. लॉग आउट झाल्यावर मात्र ब्राउझरची वेगळी सेटिंग चालते. मेटाच्या ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये भागीदार कंपन्यांकडून येणाऱ्या माहितीचा वापर थांबवता येतो, फेसबुक-इन्स्टाग्रामवर आपण जे करतो त्यावरून होणारी निवड बहुतेक देशांत त्याने थांबत नाही. मग फोनचा क्रमांक काढावा, विंडोज संगणकावर प्रायव्हसी विभागातला जाहिरात आयडी बंद करावा, ब्राउझरमध्ये तृतीय-पक्ष कुकी रोखाव्यात आणि शेवटी रिमोट हातात घेऊन टीव्हीचा मेनू तपासावा. फोन बदलला, टीव्ही फॅक्टरी रीसेट केला किंवा नवा ब्राउझर घेतला, की त्या उपकरणापुरते हे सारे पुन्हा करावे लागते.