चावण्याचं काम मिक्सरला देऊ नका

संध्याकाळी घरात शिरताच पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खायला काय आहे?" दप्तर अजून खांद्यावरच असतं. जेवणाला दोन-अडीच तास अवकाश, मोठी माणसंही नुकतीच कामावरून आलेली, आणि हाताला पटकन लागतो तो बिस्किटांचा पुडा. पुडा संपतो आणि पाऊण तासाने तोच प्रश्न पुन्हा येतो.

खाऊ पौष्टिक करायचा म्हटलं की आता खटपट वाढणार, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलट आहे. स्वयंपाकघरात जितकी कमी खटपट करावी, तितका खाऊ बहुतेक वेळा बरा उतरतो. असं का होतं, ते सफरचंदावरच्या एका जुन्या प्रयोगातून छान कळतं.

१९७७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. दहा निरोगी माणसांना वेगवेगळ्या वेळी सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, गर करून आणि गाळलेला रस. तिन्हींत कर्बोदकं सारखीच, ६० ग्रॅम. रस अख्ख्या सफरचंदाच्या ११ पट वेगाने संपला आणि गराच्या ४ पट वेगाने. यात नवल काही नाही. म्हणून संशोधकांनी तिन्ही रूपं संपवायला सारखाच वेळ लागेल अशी व्यवस्था केली. तरीही पोट सर्वांत जास्त भरलं ते अख्ख्या फळाने, त्याखालोखाल गराने, आणि रसाने सर्वांत कमी. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली, पण रसानंतर ती नंतर झपकन खाली घसरली. गरानंतर थोडी कमी घसरली. अख्ख्या सफरचंदानंतर ही घसरण दिसली नाही. इन्सुलिनही रस आणि गरानंतर जास्त वाढलं होतं.

यातला गर मला सर्वांत बोलका वाटतो. रसातून तंतू (फायबर) निघून गेले, हे आपल्याला पटकन समजतं. पण गरात तर सगळे तंतू होते! बदलली होती ती फक्त घडण. फळातली साखर पेशींच्या बारीक पिशव्यांत बंद असते. दातांनी चावताना त्यातल्या काही फुटतात, बाकीच्या तशाच खाली जातात आणि पचनमार्गात सावकाश उघडतात. मिक्सरचं पातं मात्र एका मिनिटात बहुतेक सगळ्या फोडून ठेवतं. घाईच्या सकाळी स्मूदी, म्हणजे मिक्सरमधून काढलेली दाट फळं, हा सुटसुटीत उपाय वाटतो खरा, पण मग धुवायला मिक्सरचं भांडंही उरतं.

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. ३८ पदार्थ, प्रत्येकाचा वाटा २४० कॅलरींचा, आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी विचारायचं, पोट किती भरल्यासारखं वाटतंय? पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. पहिला आला उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७, पॉपकॉर्नला १५४, अंड्यांना १५०. तळाला होतं क्रॉसाँ, म्हणजे भरपूर लोण्याचा फ्रेंच पाव, ४७ गुणांवर, आणि केक ६५ वर. ज्या बटाट्याला आपण उगाच नावं ठेवतो, तो साधा उकडून मीठ-मिरपूड लावून दिला तर उत्तम खाऊ आहे. तळून त्याचे वेफर्स केले की तोच ९१ वर येतो.

या यादीत शेंगदाण्यांना फक्त ८४ गुण आहेत, आणि इथे मी यादीशी थोडं भांडेन. २४० कॅलरींचे शेंगदाणे म्हणजे जेमतेम मूठभर. तेवढ्याच कॅलरींचा बटाटा ताटभर होतो, म्हणून तुलना आकारमानातच हरते. शिवाय शेंगदाणे-बदामांसारख्या दाण्यांमधली सगळी चरबी आपल्याला मिळतच नाही. २०१२ साली अमेरिकेत बदामांवर मोजणी झाली. २८ ग्रॅम बदामांत १७० च्या आसपास कॅलरी धरल्या जात होत्या, प्रत्यक्षात शरीराला मिळाल्या १२९. चावूनही न फुटलेल्या पेशींतलं तेल तसंच बाहेर पडतं. पुन्हा तीच घडण! तेव्हा मूठभर दाणे आणि एक फळ ही जोडी मला यादीतल्या कित्येक पदार्थांपेक्षा भरवशाची वाटते.

तयारी करायचीच असेल तर ती आठवड्यातून एकदा करावी. काबुली चणे रात्री भिजवून सकाळी शिजवले की फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतात. शिजलेल्या १०० ग्रॅम चण्यांत ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि तंतूही भरपूर. वरून लिंबू पिळावं, कारण क जीवनसत्त्वामुळे चण्यातलं लोह जास्त शोषलं जातं. सोबत चहा घेतला तर तेच शोषण घटतं.

अंडी उकडून कवचासकट फ्रिजमध्ये ठेवली तर आठवडाभर चालतात. मुलं बलकाभोवतीचं हिरवट कडं बघून नाक मुरडतात. पांढऱ्या भागातला गंधक आणि बलकातलं लोह यांचं ते संयुग असतं, अपाय काही नाही. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं झाली की थेट गार पाण्यात सोडावीत, कडं सहसा येत नाही. डब्यातल्या सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात, त्यालाही लिंबाचा रस पुरतो. फोडी काळ्या करणारं फळातलं विकर (एन्झाइम) आंबटपणात मंदावतं. माझ्या घरी हे कळेपर्यंत कित्येक फोडी डब्यातून तशाच परत आल्या.

एक गोष्ट दातांची. गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातांवरच्या थरातले जिवाणू आम्ल तयार करतात. आम्लता मोजणारा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं आवरण विरघळू लागतं, आणि लाळेला ते पूर्वपदावर आणायला अर्धा-एक तास लागतो. त्यामुळे तासभर एकेक बिस्किट तोंडात टाकत बसण्यापेक्षा ती एकदाच खाऊन मोकळं होणं बरं. खाऊची वेळ ठरलेली असली की हे आपोआप जमतं.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र चावण्याबद्दलचं वरचं सगळं उलटं वाचायचं. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, चावणं कच्चं असतं, आणि अख्खा दाणा, पॉपकॉर्न किंवा द्राक्ष सरळ श्वासनलिकेत अडकू शकतं. त्यांना द्राक्षं उभी चिरून चार फोडी कराव्यात, सफरचंद किसून किंवा वाफवून द्यावं, शेंगदाण्यांचं लोणी ब्रेडवर पातळ फासावं. त्यांच्यासाठी मिक्सर जरूर काढा.