गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला की डार्क मॅटर संपतं?

वरळीच्या नेहरू तारांगणाबाहेर एक मुलगा मित्राला ठासून सांगत होता, "डार्क मॅटर वगैरे काही नसतं, गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलला की सगळं सुटतं." वर्षानुवर्षं फिरणारा हा समज अर्धाच खरा आहे.

दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात; म्हणून तिथे न दिसणारं वस्तुमान, म्हणजेच डार्क मॅटर, असावं असं मानलं जातं. त्याऐवजी १९८३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोर्दहाय मिलग्रोम यांनी सुचवलं, की हातातून सुटलेल्या चावीच्या त्वरणापेक्षा सुमारे ८० अब्ज पट क्षीण त्वरण असेल, तिथे न्यूटनचा नियम बदलतो. एकेकट्या दीर्घिकांचं गणित यातून खरंच सुंदर जुळतं, हे मानायलाच हवं.

दीर्घिकांच्या समूहांत मात्र गाडी अडते. तिथे नियम बदलूनही न दिसणारं वस्तुमान लागतंच. बुलेट समूहात, म्हणजे एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिका-समूहांत, टकरीनंतर तप्त वायू मागे रेंगाळला, पण गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकवणारं बहुतेक वस्तुमान पुढे निघून गेलेलं दिसतं.