गणित बिनचूक, तरी ग्रह जागेवर नाही

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषांनी आकाशाकडे पाहिलेच नाही, श्लोकांवरून नुसती आकडेमोड केली, असे सर्रास म्हटले जाते. पंधराव्या शतकात मुरूडजवळच्या नांदगावात केशव दैवज्ञ या ज्योतिषांनी काय केले हे पाहिले, की ते विधान टिकत नाही.

ग्रहगणिताचे तेव्हा तीन पक्ष, म्हणजे तीन परंपरा होत्या: सौर, आर्य आणि ब्राह्म. प्रत्येकाने कल्पात किंवा महायुगात, म्हणजे लाखो-कोटी वर्षांच्या कालखंडात, ग्रहाचे किती फेरे होतात याचा आकडा गृहीत धरलेला. त्यावरून आजचा ग्रह काढण्याची रीत तर्काला धरून, चोख. पण मूळच्या आकड्यात कणभर चूक असली तरी शतकानुशतके ती साचत जाते, आणि पायऱ्या कितीही तपासल्या तरी सापडत नाही. सौरपक्षाचा आधारग्रंथ असलेल्या सूर्यसिद्धान्ताचे वर्षच घ्या. नाक्षत्र वर्षापेक्षा, म्हणजे सूर्य पुन्हा त्याच ताऱ्यापाशी यायला लागणाऱ्या काळापेक्षा, ते साधारण साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीनशे वर्षांत वीस तासांचा फरक!

केशवांनी ग्रहांच्या युती आणि उदयास्त डोळ्यांनी पाहून तिन्ही पक्ष ताडले. एकही पक्ष सगळ्या ग्रहांना लागू पडेना. शके १४१८ (इ. स. १४९६) मध्ये त्यांनी 'ग्रहकौतुक' रचले. पुढेही अंतर पडत जाणार, तेव्हा पुढच्या गणकांनी आकाश पाहून आकडे पुन्हा दुरुस्त करावेत, असे त्यांनी लिहून ठेवले. स्वतःच्या ग्रंथाची मुदत सांगणारा ग्रंथकार विरळाच.

मुलगा गणेश याने 'ग्रहलाघवा'त (शके १४४२, इ. स. १५२०) हेच धीटपणे पुढे नेले. सूर्य सौरपक्षाचा, चंद्रही सौरच, पण ९ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा करून, गुरू आर्यपक्षाचा, शनी आर्यपक्षाचा, त्यात ५ अंश मिळवून. शनीला नेमके ५ अंशच का, याला उपपत्ती नाही. तसा तो दिसतो, एवढेच. तर्काच्या नजरेने ही गोधडी, पण दृक्प्रत्यय येत होता, म्हणजे गणिताने काढलेला ग्रह आकाशात तिथेच दिसत होता. शिवाय ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकट गणेशाने काढून टाकल्यामुळे गावोगावच्या जोशांनी ग्रंथ उचलून धरला.

आणि तिथेच घात झाला. सोपे कोष्टक हाती आले, वेध घेणे, म्हणजे आकाश पाहून मोजणे, मागे पडले. केशवांचा सल्ला विसरून तीनशे वर्षे पंचांगे त्याच आकड्यांवर निघत राहिली.

गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली. त्यांवरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. ग्रह जागेवर आले. मात्र राशिचक्र मोजायचे कुठल्या बिंदूपासून, हा वाद वेधाने मिटण्यासारखा नव्हता. मंगळ कुठे आहे ते आकाश दाखवते. शून्य कुठे मांडायचे ते माणसांनी ठरवायचे. छत्र्यांनी रेवतीतला एक तारा धरला. छत्र्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक त्याच बाजूचे. १९५७ च्या राष्ट्रीय पंचांगाने चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू घेतला. दोन्हींत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. म्हणून काही वर्षी अधिकमास वेगळा पडतो आणि टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या काही घरांत गणपती महिनाभर आधी येतात.